पिकायला ठेवलेले इअरफोन

लेकीला वरचे दोन दात आले आणि त्या दातांनी केलेला पहिला मोठा पराक्रम म्हणजे आईच्या इअरफोनची वायर. चावून चावून तिने ती अशी मऊ केली की डावा कान मुका झाला आणि उजव्यात नुसती खरखर उरली. आईने तिच्या तोंडातून वायर ओढून काढली, बोट घालून एखादा तुकडा गिळला नाही ना ते पाहिलं, आणि तिच्या ओल्या हनुवटीचा पापा घेतला. रागवायचं तरी कुणावर. इअरफोन काही सोन्याचे नव्हते. दुसरे आणू, एवढंच.

‘एवढंच’ म्हणणाऱ्या बाईला आपला नवरा अजून पुरता कळलेला नसतो.

भाड्याचं घर घेताना नळाला पाणी येतं का हेसुद्धा न पाहणारा हा माणूस, पण इअरफोनचं नाव निघताच ताठ बसला.

“असं उठून कुणी इअरफोन घेतं का,” तो म्हणाला. “अभ्यास करावा लागतो.”

“मला स्वस्तातले हवेत. कानात बसले, आवाज आला, झालं.”

“स्वस्तातले म्हणूनच तर अभ्यास. महागातले काय, कुणीही घेईल.”

तिला घाई होती, आणि घाईचं कारण त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. तिची ताई रोज तिला बोलून निरोप पाठवायची. चांगले लांबलचक, आणि प्रत्येकाची सुरुवात एकच: “बारके, एकटी आहेस ना? मग ऐक.” ताई लिहून कधी पाठवत नसे. लिहिलेलं तिचा नवरा फोन हिसकावून वाचायचा; ऐकत बसायचा मात्र त्याला कंटाळा होता. ताईचा सगळा संसार त्या कंटाळ्याच्या आडोशाला चालला होता. हिने फोन करावा, तर तो माणूस हल्ली काम सोडून घरीच, ताईच्या पुढ्यात बसलेला; निरोप ताई पाणी भरायला बाहेर पडली की बोलायची.

हिच्या फोनचा कानाला लावायचा आवाज केव्हाच गेलेला. उरला होता तो खालचा भोंगा, जो एका खोलीत वाजला की चार खोल्यांना कळायचं. घरात सासूबाई. चष्म्याच्या दुकानात, जिथे ती मागच्या खोलीत काचा घासायची, तिथे घासायच्या चाकाची घरघर आणि शेजारी दोघी. रस्त्यात लावावं, तर अर्धे शब्द वाहनांच्या आवाजात जाणार आणि उरलेले अर्धे मागून चालणाऱ्याच्या पदरात पडणार. लेकीला पाळणाघरात सोडलं की दुकानापर्यंतची वाट तिची एकटीची असे. त्या वाटेवर, कानात बोळे घालून, ती ताईची बहीण व्हायची. आता वाट होती, कान नव्हते.

‘निवांत ऐकते गं,’ असं तिने ताईला लिहून टाकलं. त्याहून जास्त लिहायची सोय नव्हती. वाचणारा दुसराच होता.

मग तिने सरळ कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून, कव्हरं टांगलेली असतात त्यांच्या शेजारची, एक स्वस्तातली जोडी उचलून आणली. नवऱ्याने पुडकं उघडूही दिलं नाही. फोटो काढून मित्राला पाठवला, मित्राचं उत्तर आलं, आणि हा माणूस चपला घालून ती जोडी परत करून आला. आयुष्यात दुकानात एक वस्तू परत करायला गेला नव्हता. तिचा ब्लाउज आखूड शिवून आला तेव्हा म्हणाला होता, “जाऊ दे ना, कोण भांडणार.”

“काय लिहिलं मित्राने?” तिने विचारलं.

“कानांवर अन्याय आहे म्हणाला.”

हा मित्र म्हणजे ऑफिसातला कानसेन. लोक आधी चेष्टेने तसं म्हणत. त्याने ती पदवी समजून ठेवून घेतली. रविवारी संध्याकाळी तो घरी अवतरला. बगलेत चामडी पेटी, जशी एखाद्या शल्यवैद्याची असावी. पेटीत कप्पे, कप्प्यांत गुंडाळलेल्या वायरी, प्रत्येकीला मखमली पिशवी. एवढ्या मखमलीत तर लेकीला पहिल्या दिवशी कुणी गुंडाळलं नव्हतं.

“वहिनी, तुम्ही ऐकता काय? म्हणजे कुठल्या प्रकारचं?”

“बोलणं.”

“कुणाचं?”

“माणसांचं.”

कानसेनने डोळे मिटून मान हलवली, जणू नाडी सापडली. “म्हणजे मिड्स महत्त्वाचे. मधला आवाज. बास तुमच्या काही कामाचा नाही.”

“बासशिवाय कसं चालेल,” नवरा कासावीस झाला. “थोडा तरी हवा.”

आणि दोघे बसले. एकेक जोडी कानात घालायची, एकच गाणं लावायचं, आणि पोट साफ न झालेल्या माणसासारखा चेहरा करून छताकडे पाहायचं. याचा बास फुगलाय. हा उजळ आहे, पण कोरडा. यात गाणारी बाई एकदम तिसऱ्या रांगेत जाऊन बसलीय.

“मग तिला पुढे बोलवा की,” सासूबाई आतून म्हणाल्या. “एवढी मोठी खोली आहे.”

चष्म्याच्या दुकानात अशी गिऱ्हाइकं तिने पाहिली होती. फ्रेमी घालून घालून आरसा दमायचा, आणि शेवटी कळायचं की नंबर तपासायचाच राहिलाय. इथेही तेच. इअरफोन तिच्यासाठी, कान त्या दोघांचे. तिच्या कानात एक घालून पाहावा हे एकालाही सुचलं नाही. ती लेकीला कडेवर घेऊन चहाचे कप उचलत होती आणि खिशातला फोन मधूनच थरथरत होता. ताई.

“भावजी, यातले कुठलेही चालतील मला,” ती म्हणाली.

“वहिनी, कुठलेही चालतील म्हणणाऱ्यांनीच या देशोदेशीच्या कंपन्यांना माज चढवलाय,” कानसेन म्हणाला.

यानंतर आठवडाभर नवरा जेवताना परीक्षणं वाचू लागला. घास एका हातात, फोन दुसऱ्या. कुणी अनोळखी माणूस कुठल्याशा देशात बसून म्हणतो की या जोडीत झांजांचा आवाज काचेसारखा ठिसूळ लागतो, आणि तेवढ्यावरून इथे ताटातली भाजी गार होते. लेक त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहायला शिकली, तेव्हा तो म्हणाला, “थांब हं बाळा,” आणि वाचत राहिला. ती थांबली नाही. बसली, पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी आईकडे पाहून हसली. निदान एका माणसाने पाहिलं.

अखेर जोडी ठरली, मागवली, आली. पुडकं तिनेच घेतलं. सकाळी पाळणाघरातून निघाल्यावर पहिल्यापासून सगळं ऐकायचं, असं तिने मनाशी ठरवलंसुद्धा. घरी येऊन नवऱ्याने पुडकं फोडलं, इअरफोन उजेडात धरले, स्वतःच्या कानात घातले, मान डोलावली आणि कपड्यांच्या कपाटाच्या ड्रॉवरात नेऊन ठेवले. जुन्या टॅबला जोडून. टॅबवर पावसासारखा नुसता सूं-सूं आवाज लावून.

“हे काय?”

“पिकायला हवेत. नव्या इअरफोनचा पडदा कडक असतो. शंभर तास वाजले की मोकळा होतो. कानसेन म्हणाला, कच्चे वापरलेस तर कायमचे बिघडतील.”

“आणि तोवर मी?”

“अगं, वर्षानुवर्षं वापरायचेत. चार दिवसांनी काय फरक पडतो?”

आंब्याची अढी घालतात तशी त्याने ती जोडी आपल्या मोज्यांत घातली होती. घरात जिला ऐकायचं होतं तिचे कान उपाशी, आणि लाकडी फळ्यांना मात्र उत्तम मिड्स. सांगून टाकावं, असं तिच्या ओठांशी आलं होतं. पण ताईने गळ्याची शपथ घातलेली, आणि नवऱ्याच्या पोटात काही राहत नसे. सकाळचं संध्याकाळी कानसेनला कळायचं. तिने ड्रॉवर ढकलून बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लवकर घरी आली होती. लेक खांद्यावर झोपलेली. फोन थरथरला. ताईचाच निरोप, पण एवढासा. ताई साधी ‘जेवलीस का’ विचारायची तरी त्याहून लांब बोलायची.

तिने लेकीला पलंगावर निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. ड्रॉवर ओढला. मोज्यांतून जोडी उपसली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. पालथ्या बादलीवर बसली. इअरफोन कानात बसेनात. नवऱ्याच्या मापाची जाड रबरं, पुन्हा पुन्हा बाहेर पडायची. शेवटी दोन्ही बोटांनी दाबून धरले.

पहिल्या निरोपात ताई विचारत होती, मुलीला घेऊन काही दिवस तुझ्याकडे आले तर चालेल का. मला इथे राहायचं नाहीये आता. दुसऱ्यात, विचार करत असशील, कर, घाई नाही. मग कितीतरी इकडचं तिकडचं, मुलीचा खोकला, शेजारणीची मांजर, आणि मध्येच, “हाताला काही झालं नाही हं, सूज उतरली.” पुढच्यात आवाज जपून: “तुझ्या घरचे नको म्हणाले असतील. मला समजतं गं. तू वाईट वाटून घेऊ नको.” आणि तो एवढासा, शेवटचा. मागे गाड्यांचे भोंगे, एक मूल रडतंय. “बरं, बारके. राहू दे.”

बस्स, एवढंच.

ती तशीच, बोटं कानांत दाबून, फोन लावून बसली. वाजत राहिला. मग उचलला.

“ताई, कुठे आहेस तू?”

“आहे इथेच, स्टँडवर. बघू कुठली मिळते ते.”

“इकडची घे. मी आज ऐकलं सगळं. आज, आत्ता. माझ्याकडे कानात घालायला काही नव्हतं गं.”

पलीकडे ताई मुलीला नाक शिंकरायला सांगत असल्याचं ऐकू आलं. खरोखर स्वच्छ आवाज होता. ते तेवढं कानसेनचं खरं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याने किती दिवस खाल्ले होते.

न्हाणीघराची भिंत सासूबाईंच्या पलंगाला लागून होती. ती आवाज न चोरता बोलली.

“दोघी या. इथेच राहायचं. किती दिवस ते मागून बघू.”

दारावर टकटक झाली. नवरा आज लवकर आला होता, आणि आल्या आल्या ड्रॉवर पाहिला होता. “अगं, तू काढलेस का ते? अजून निम्मे ताससुद्धा झाले नाहीत. कच्चे आहेत.”

“कोण आहे?” ताईने विचारलं. “घरी विचारलंस का तू?”

“विचारायचं काय त्यात. सांगितलं की झालं.”

“सांगितलंस?”

“आता सांगते,” ती म्हणाली, आणि तिने कडी काढली.