बाकातली मोकळी जागा

"आई, रविवारी त्याच्या घरचे येतायत. आजीसुद्धा," मुलगी म्हणाली आणि शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंनी मशीन थांबवलं.

मुलगी दवाखान्यात नर्स होती. तिथल्याच रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी तिचं जमलं होतं, आणि पोरगा बाईंना मनापासून आवडला होता. अडचण होती घराची. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीशी पलंग, पलंगावर लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे. त्यात मुलाची आजी चाकाच्या खुर्चीत, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

"तो म्हणतो, आजीला उचलून आणतो. पण तिला ते अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा बागेत भेटू या."

"होणाऱ्या सोयऱ्यांना बाकावर बसवायचं? नाकं मुरडतील गं."

"मुरडू देत. इथं तर नाक मुरडायलाही जागा नाही."

बाईंना हसू आलं आणि त्या कबूल झाल्या.

गल्लीच्या टोकाची ती बाग सगळ्यांची होती. तिकीट नाही, कुंपण नाही. बसता येईल एवढी बुटकी, रुंद भिंत तेवढी होती. मुलगी तिथंच चालायला शिकली, परीक्षेचा अभ्यासही तिनं तिथंच केला. तरीही रविवारी थर्मास आणि कप घेऊन निघताना बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पाहुणे आले. आजीची खुर्ची नातू ढकलत होता. वाटेत पायरी कुठंच नव्हती. जमीन अलगद चढत मोठ्या झाडाखाली जात होती. झाडाभोवती गोल बाक होता, आणि त्यात मधेच एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली. खुर्ची तिथं नेमकी बसली. एका बाजूला आजीची सून, म्हणजे मुलाची आई, दुसऱ्या बाजूला बाई, आणि मधे आजी.

कप फिरले, गप्पा रंगल्या. शेजारी हमाल डबा खात होते, पलीकडे कुणीतरी पेटी वाजवायला शिकत होतं आणि सारखं चुकत होतं. आजी मात्र खुशीत होती.

"मला नेहमी कडेला ठेवतात," ती बाईंना म्हणाली. "मग सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलतात. आज किती दिवसांनी मी माणसांत बसलेय. जागा छान शोधलीत हो तुम्ही."

"मी कसली शोधतेय," बाई म्हणाल्या. "जागा होतीच." त्यांचा जीव भांड्यात पडला. लग्न पक्कं झालं.

कप विसळायला नळावर गेल्यावर त्यांनी माळ्याला विचारलं, "ती जागा मुद्दाम सोडलीय का?"

"मुद्दामच. बागेचा आराखडा ज्यांनी काढला, त्या बाईंनी. पलीकडच्या रस्त्यावर राहतात. हल्ली येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी शिवणाच्या बाई तिकडे गेल्या. दार उघडलं ते काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी. घरात शिरल्यावर शिवणाच्या बाईंनी सरळ कालची हकिगत सांगितली.

म्हाताऱ्या बाई ऐकता ऐकता खुर्चीत पुढं सरकल्या. "त्या जागेवरून माझ्याशी किती भांडले लोक. म्हणाले, एक माणूस कमी बसेल. मी म्हटलं, उलट एक जास्त बसेल. पण खरं सांगू? मी इतक्यांदा गेले, तिथं खुर्ची लागलेली मला कधी दिसली नाही. वाटायचं, चुकलंच आपलं. काय म्हणाल्या त्या आजी? पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. मग म्हणाल्या, "आमच्या घरात पाहुणा बसवायची सोय नाही. तुम्ही ती करून ठेवलीत, आणि आम्हाला तुमचा पत्तासुद्धा माहीत नव्हता. बागेत का येत नाही तुम्ही?"

"एकटीनं रस्ता ओलांडवत नाही."

"मग चला. मी आहे ना."

"आत्ता?"

"आत्ताच. शिवण कुठं पळून जातंय."

म्हाताऱ्या बाईंनी चपला शोधल्या. रस्त्यावर त्यांनी शिवणाच्या बाईंचा दंड घट्ट धरला होता. बागेत झाडाखालच्या त्या मोकळ्या जागेत आज एक बाबागाडी लावलेली होती, आणि बाळाची आई बाकावर टेकून चक्क डुलक्या काढत होती.

"हे काही माझ्या डोक्यात नव्हतं," म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या. बाळ जागं होऊ नये म्हणून दोघी बाकाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.