चित्रांच्या दारावरचा पहारेकरी

"सगळी चित्रं एकाच पहारेकऱ्याच्या भरवशावर टाकू नकोस," साहेबांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या तिला बजावलं होतं. "प्रत्येक चित्राला आपलं काम आपण करायला शिकव."

"तेवढा वेळ कुठंय, सर? लेकीला पाळणाघरातून आणायचंय." मला लिहून ती मोकळी झाली.

मित्रांनो, मी तोच जुना पहारेकरी. वृद्धाश्रमाच्या संगणकात, एका प्रोग्राममध्ये राहतो. पडद्यावर प्रत्येक खोलीचं एक चित्र आहे. उशाशी असलेलं बटण कुणी दाबलं की त्या खोलीचं चित्र लाल व्हायचं. परिचारिका त्यावर क्लिक करून धावत जायची. चित्रांना बिचाऱ्यांना क्लिक कळत नसे. म्हणून त्यांच्यासाठी आलेला प्रत्येक निरोप आधी माझ्या हाती येई. क्लिकचं मी बघून घेई. बाकीचे निरोप, 'लाल हो' हासुद्धा, मुकाट पुढे सोडी. परिचारिकांच्या मोठ्या बाई म्हणत, "हा आहे म्हणून कामं झटपट होतात, माझा चहा निवत नाही."

मग तिच्या जोडीला प्रोग्राम लिहिणारा एक नवा हुशार आला. "हा जुगाड कुणाचा? पोर मांडीवर घेऊन लिहिलाय वाटतं," तो सगळ्यांदेखत हसला. तिने मान खाली घातली. मी मात्र डूख धरला.

एका दुपारी त्याने माझी शेवटची ओळ बदलली. 'पुढे जाऊ दे' खोडून 'इथेच अडव' लिहिलं, तपासलं नाही, आणि पाहुण्यांना प्रोग्राम दाखवायला बसला. मी एकूण एक निरोप गिळला. क्लिक मला कळे, पण रंग बदलायचा निरोपही माझ्यातच अडके, म्हणून चित्रं ढिम्म. त्याने माउस आपटला, वायर उपटून पुन्हा लावली. मोठ्या बाई म्हणाल्या, "का रे, आता तुझ्या मांडीवर कोण बसलंय?" माझ्या जिवाला कसा थंडावा मिळाला.

तेवढ्यात खिडकीकडच्या खोलीतल्या आजींनी बटण दाबलं. 'लाल हो' हा निरोप आला. तोही माझ्यातच अडकला. सोडायची आज्ञाच उरली नव्हती. चित्र पांढरंच राहिलं. आजींनी पुन्हा दाबलं. मग दाबणंही थांबलं.

ती लेकीला कडेवर घेऊन आत आली. पडद्याकडे बघून थबकली. "इतका वेळ एकही खोली लाल नाही? असं कसं होईल?" लेकीला बाईंच्या हाती देऊन ती खोल्यांकडे पळाली.

आजी पलंग आणि कपाटाच्या मध्ये पडल्या होत्या. श्वास चालू होता. "कुणी येईचना गं," एवढंच बोलल्या, असं बाईंनी नंतर सांगितलं.

त्या हुशाराने अजून तिची माफी मागितलेली नाही. मी त्याला सोडणार नाही. पण मित्रांनो, ते माझं मी बघेन. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं म्हातारं माणूस आज फारच गप्प असेल, तर हाकेची वाट बघू नका. उठा, दार लोटून बघून या.