गुडघा आहे तसाच

टपालबाईनं एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि उजव्या गुडघ्यानं हात टेकले. डॉक्टरांनी हाडांची झीज सांगितली आणि तिला व्यायामाला पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट तिच्या भाचीच्या वयाची. पोरगी पहिल्याच दिवशी 'मावशी' म्हणाली आणि टपालबाईनं तिला जीव लावला.

पोरगी एक अभ्यास करत होती. दर पंधरवड्याला ती फॉर्म भरून घ्यायची: जिना चढताना किती दुखतं, खुर्चीतून उठताना किती. त्यावरून गुण पडायचे. किती गुणांचा फरक पडला की माणसाला खरंच बरं वाटतं, हे तिला शोधायचं होतं. म्हणून शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा: पहिल्या दिवसापेक्षा गुडघा कसा आहे?

"इथे मला खूश करायचं नाही हं, मावशी," ती बजावायची. "याला फक्त तुमचंच उत्तर चालतं."

आपल्या शब्दाला कुणीतरी इतकी किंमत देतंय, याचंच टपालबाईला अप्रूप. एकदा तिनं पोरीला कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, राहते तिसऱ्या मजल्यावर. तिला भेटायला निघालेली टपालबाई दुसऱ्या मजल्यावरच अडकली, पायरीवर बसून रडली आणि तशीच परतली. बहिणीला फोनवर सांगितलं, ताप आलाय. हे ऐकताना पोरीनं तिचा गुडघा दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

तीन महिन्यांत गुण बरेच सुधारले. पण तिसरा मजला काही गाठता येईना. शेवटच्या प्रश्नाला तिनं खरं ते सांगितलं, "आहे तसाच." पोरीनं मान डोलावून लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात अभ्यासाचा निष्कर्ष ऐकायला सगळ्या रुग्णांना हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर नाव नव्हतं. पण टपाल वाटणारी, जिन्यात बसून रडलेली, आता गुडघा 'खूप बरा', अशी दुसरी कोण असणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. टपालबाईचे हात मांडीवरच राहिले.

सगळे चहाला उठल्यावर तिनं पोरीला गाठलं.

"मी आहे तसाच म्हटलं होतं."

"मावशी, तुमचे गुण इतके छान आले होते. तेवढं एकच उत्तर जुळत नव्हतं."

"आणि जिन्यातलं?"

पोरगी खाली बघत म्हणाली, तसं काही सांगितलं की लोकांना पटतं.

टपालबाई तिथूनच लंगडत विभागप्रमुख बाईंकडे गेली आणि आपला फॉर्म मागून घेतला. उत्तरावर खाडाखोड स्पष्ट दिसत होती. घरी आल्यावर, दुसऱ्या कुणाकडून कानावर जाण्याआधी, तिनं बहिणीला तापाचं खरं काय ते सांगून टाकलं. बहीण म्हणाली, परक्या पोरीला सांगितलंस, मला का नाही?

पंधरा दिवसांनी विभागप्रमुख बाईंचा फोन आला. अभ्यास रद्द केला होता, पोरीवर कारवाई होणार होती. तुमचं एकटीचं नाही, आणखी अकरा जणांची उत्तरं बदललेली निघाली, असं त्या म्हणाल्या. ऐकून हिला जरा बरं वाटेल, असं त्यांना वाटलं असावं.

टपालबाईला ते जास्त लागलं. पोरीला आपण बरं व्हावंसं फार वाटत होतं, मायेपोटी तिचा हात घसरला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. आता ती समजूतही राहिली नाही.