थोरलीच्या खांद्यावरचा पक्षी

हिंजवडीतल्या ऑफिसातून श्रद्धा घरी आली आणि भिंतीवरची काचेची फ्रेम बघून तिचं डोकंच फिरलं. अमेरिकेतल्या झुनी कारागिरांच्या जुन्या पिना ती हौसेनं जमवायची. चांदीत फिरोजा, पोवळं, शिंपला बसवून घडवलेले पक्षी नि फुलपाखरं काळ्या मखमलीवर मांडलेली असत. नवऱ्यालाही ती फ्रेमला हात लावू देत नसे. आणि आज मधला पक्षी गायब!

तो सापडला थोरल्या महालक्ष्मीच्या खांद्यावर. यवतमाळहून सणाला आलेल्या सासूबाई तिच्या शालूच्या निऱ्या नीट करत होत्या.

"आई, ती शोभेची वस्तू आहे! लावायची नाही!"

सत्यशीलाबाई कानकोंड्या झाल्या. "पदर सारखा घसरत होता, बाई. मागं टाचणी दिसली, म्हटलं लावायचीच असेल."

श्रद्धा तणतणत पिन काढायला पुढे झाली. पण तो जडशीळ जरीचा पदर त्या जुन्या टाचणीनं कसा घट्ट धरला होता! कुणीतरी बाई ही पिन लावून कधीकाळी मिरवली असेल, हे तिच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं. तिनं हात मागे घेतला.

"धाकटीचाही पदर घसरतोय, आई," असं म्हणून ती फ्रेमची काच उघडायला गेली.