कंगवा कोणी पाहिला?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर नऊ वर्षांची, बोलू न शकणारी मुलगी बसली होती. तिचा हात, स्पर्शाने मुक्या मुलांना बोलतं करतात म्हणून गाजलेल्या 'स्पर्शबाईं'नी धरला होता आणि तिचं बोट टॅबलेटवर एकेक अक्षर दाबत होतं. मोठ्या पडद्यावर उमटलं, 'आई, मी सगळं ऐकत होते.' लोक डोळे पुसू लागले.

"मी कोण लिहिणारी?" बाई म्हणाल्या. "लिहितो तो आतला आत्मा. माझ्या तळहातातून त्याला वाट मिळते, एवढंच!"

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? अशा मुलांना बोलण्याची साधनं स्वतः वापरायला कसं शिकवायचं, ते मी ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवते आहे. याच मुलीला आम्ही सहा महिने खपून 'हो' आणि 'नको' अशी दोन बोलकी बटणं शिकवली होती. आणि माझा अख्खा वर्ग आज इथे!

"मॅडम, आपली दोन बटणं आणि यांचा निबंध," माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी कुजबुजली. "आपलंच काहीतरी चुकतंय."

"असेल," मी म्हटलं, जरा जास्तच तिखटपणे.

पडद्यावर पुढचं वाक्य आलं, 'मला बाईंच्या केंद्रात कायमचं राहायचंय.' माझ्या शेजारी बसलेली मुलीची आई पांढरी पडली.

"माझ्याशी एक शब्द नाही, आणि यांच्याशी एवढं?" ती म्हणाली. "उद्या सोडते तिथे. तिचीच इच्छा आहे ना."

मत्सरी माणूस निदान टक लावून तरी बघतो. मुलगी वर पंख्याकडे बघत होती. टॅबलेटकडे फक्त बाईंची नजर होती.

मी उठले आणि पिशवीतली शिकवायची चित्रं घेऊन व्यासपीठावर गेले. दोघींच्या मध्ये पुठ्ठा धरून मुलीला चेंडूचं चित्र दाखवलं आणि बाईंना कंगव्याचं. दोघींना एकच चित्र दाखवलंय, असं बाईंना वाटलं.

"तिने काय पाहिलं, ते लिहू दे."

पडद्यावर आलं, 'कंगवा.'

पुन्हा मुलीला मांजर, बाईंना छत्री. आली छत्रीच.

"संशयाच्या लहरींनी वाट बंद होते!" बाई कडाडल्या.

"बंद कुठे? कंगवा तर छान आला!" माझी विद्यार्थिनी म्हणाली.

बाई फसवत होत्या की स्वतःच फसल्या होत्या, मला ठाऊक नाही. मनात शब्द असला की हात नकळत तिकडे कलतो आणि धरलेल्या हातालाही नेतो. आम्हीही सुरुवातीला मुलांच्या हातावर हात ठेवतो. पण तो आधार हळूहळू कमी करत काढून घेतो. हा धडा माझ्या वर्गाला पाठ होता, पण डोळ्यांत पाणी आलं आणि सगळे विसरले.

आईने व्यासपीठावर येऊन पिशवीतली ती दोन बटणं मुलीपुढे ठेवली. "बाईंच्या केंद्रात राहायचं?"

कोणी तिला हात लावला नाही. अर्धं मिनिट गेलं. 'नको.'

"मग घरी येतेस?"

'नको.'

आईचा चेहरा पडला. मग तिला दिसलं, मुलगी चेंडूच्या चित्राकडे बघत होती.

"खेळायचंय?"

'हो. हो. हो.'

आई हसत हसत रडली.

असा चमत्कार तुमच्यासमोर घडला, तर टाळ्या वाजवण्याआधी धरलेला हात सोडायला सांगा आणि थांबा. मुलाचा शब्द उशिरा येईल, एखादाच येईल, पण तो त्याचा असेल.