अगायच्या ताटातलं हाड

आमच्या इंटरनेटवरच्या खेळात सगळं लिहूनच घडतं. मी सूत्रधार. मी लिहायचं, "खिंडीत हिमवादळ आलं," की खेळणारे आपापल्या पात्राने काय केलं ते लिहितात. शाबदान अगाय म्हणजे आमचे निवृत्त मास्तर, ते टोळीचे म्हातारे प्रमुख. मेदेर त्यांचा घोडेस्वार. आम्ही किरगीझ, दारिगा सीमेपलीकडची कझाक; खेळात ती दरोडेखोरीण. कित्येक वर्षं हा संसार बरा चालला होता. मग खेळात एक मेजवानी झाली आणि सगळ्यांची एकदम वाचा बसली.

साइटचा नियम असा, की महिनाभर सूत्रधाराखेरीज कुणी लिहिलं नाही तर खेळ पुसून टाकतात. उद्या महिना भरत होता. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही मंडळी ढिम्म!

मी काय काय करून पाहिलं नाही? माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून खेळात लांडगे सोडले. तंबूला आग लावली. मेदेरचा लाडका घोडा त्याच्या नाकासमोरून चोरून नेला. शेवटी खोट्या नावाने टरबूजवाला होऊन खेळात शिरले, तर साइटवाल्यांनी लगेच ओळखून हाकलून दिलं.

मग मेदेरला फोन लावला. "जिवंत आहेस का रे?"

"आहे की, बुरुल एजे." एजे म्हणजे ताई.

"घोडा गेला तुझा! लिहीत का नाहीस?"

"वाचलं. पोटात तुटलं अगदी. पण अगायनी अजून मांसाला हात लावला नाही. त्यांच्याआधी मी पंगतीतून कसा उठू?"

"अरे, ते मांस खोटं आहे!"

"अगाय खरे आहेत ना! भूगोल शिकवलाय त्यांनी मला. छडी अजून आठवते."

दारिगाचंही तेच. "मी पाहुणी. आधी खाल्लं तर तुम्ही किरगीझच म्हणाल, या कझाकांना रीत नाही."

कपाळावर हात मारून मी नारीन गावी अगायना फोन केला. "अगाय, गप्प का तुम्ही?"

"मी कुठे गप्प? हात धुऊन बसलोय. वाढशील तर खाईन."

मी मेजवानीचं मागचं लिखाण उघडून पाहिलं. मेंढी कापली होती, हातांवर पाणी घातलं होतं, पातेलं उतरवलं होतं. मानाप्रमाणे कुणाला कुठलं हाड वाढलं, ते लिहायचंच मी विसरले होते.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"मानाचं हाड मागून घेतात होय गं? काय शिकवलंय तुला घरी?"

"आत्ता वाढते."

"आता नको. मागितल्यावर वाढलेलं मी खात नाही. खेळ बुडतोय तर बुडू दे." फोन बंद.

म्हातारा असा वळणारा नव्हता. म्हटलं, थांब, बघतेच तुझ्याकडे. खेळात मी यजमानीणही आहेच. मी लिहिलं, "यजमानीण हसत हसत थाळा घेऊन आली. कमरेचं मानाचं हाड तिने मेदेरपुढे ठेवलं. आणि प्रमुखांपुढे पुढच्या पायाचं, पंगतीतल्या सगळ्यात धाकट्याला देतात ते."

मला चहा ओतायलाही सवड मिळाली नाही.

"प्रमुखांनी थाळा बाजूला सारला," अगायनी लिहिलं. "म्हणाले, बाई, तुला सासरी पाठवण्याआधी कुणी मेंढी तरी दाखवली होती का?" आणि पुढे पानभर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. मेदेरने ते हाड निखारा हातात आल्यासारखं दोन्ही हातांनी अगायपुढे नेऊन ठेवलं आणि तसाच घोड्यामागे धावला. दारिगाने लिहिलं, "तुमचं भांडण चालू द्या," आणि मेंढीचं डोकं घेऊन पळाली. तिच्यामागे अर्धी टोळी! खेळ वाचला. काउंटरवरच माझे डोळे भरून आले, गिऱ्हाईक मलाच गोळी देऊ लागलं.

संध्याकाळी अगायचा फोन आला.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो, अगाय. फार रागावलात?"

"फार! लिहिता लिहिता रस्सा करपला." मग भांडं खरवडत ते म्हणाले, "मुलगी रशियाला गेल्यापासून या घरात ओरडायला कुणी नाही गं, पोरी. आज कसं मोकळं वाटलं."

मी दुकानाचं शटर अर्ध्यावरच सोडून फोन कानाशी धरला.

"ऐकतेस ना?" ते म्हणाले. "उद्याही काहीतरी चुकव."