शेवटचा ना

हुगळीत शुशुक राहतात. शुशुक म्हणजे नदीतला डॉल्फिन. लांब तोंडाचा, जवळजवळ आंधळा, पण श्वास आपल्यासारखाच हवेतून घेणारा. भरतीच्या पाण्याबरोबर एखादा बागबाजारच्या कालव्यात शिरतो आणि ओहोटीला चिखलात अडकतो. मग वनखात्याची माणसं येईपर्यंत आम्ही काही जण त्याला सांभाळायला जातो.

आम्हाला हे काम आमच्या गटाच्या अर्णवदांनी शिकवलं, बंगालीत. मला अक्षरं आली साठीनंतर, तीही फक्त मराठीची. म्हणून त्यांचं बंगाली जसं ऐकलं तसं मी देवनागरीत उतरवलं. नव्या मराठी माणसांना तो कागद मीच देत असे. माझं लिहिलेलं कुणी वाचतंय, याचं मला फार अप्रूप होतं.

त्या सकाळी वृषालीचा फोन आला. बँकेतल्या बदलीमुळे ती दोन महिन्यांपूर्वीच कोलकात्यात आली होती, आमच्या गटात नवी होती. मी पोचले तेव्हा चिखलात एक मादी पडली होती, अंगावर ओली चादर. आणि वृषाली तिच्या डोक्यावर मगामागून मग पाणी ओतत होती.

"अगं, थांब. तिथं नाक आहे तिचं."

"तुम्हीच तर लिहिलंय, श्यामलामावशी. माथाय जल देबेन ना." तिनं ते वाचलं अगदी लाडात, 'द्या ना' म्हणतो तसं. "मला वाटलं, किती गोड सांगतात ही माणसं."

बंगालीत तो शेवटचा ना म्हणजे नकार. डोक्यावर पाणी घालू नका, असं ते वाक्य होतं. चाळीस वर्षं इथं राहून माझ्या कानाला ते कळत होतं. कागदावर मात्र नुसता ना उरला होता.

मी पदरानं तिच्या डोक्यावरची नाकाची फट टिपली. बराच वेळ काही झालं नाही. मग शिंकल्यासारखा आवाज आला, थोडं पाणी उडालं आणि ती श्वास घेऊ लागली.

"मेली असती का हो?" वृषालीनं विचारलं. मी चादर पुन्हा ओली केली.

अर्णवदा वनखात्याच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी तिला तपासलं. "ठीक दिसते. नदीत सोडून देऊ," ते म्हणाले. वृषाली खाली मान घालून उभी होती. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तो कागद पुढेही माझ्याच हातून गेला असता.

"हिच्या नाकात पाणी गेलंय," मी म्हटलं. "पाच-सात मग तरी. चूक माझ्या लिहिण्याची आहे."

अर्णवदा माझ्याकडे वळले. "काकिमा, बंगाली तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलता."

"बोलते. लिहायला नको होतं."

डॉक्टरांनी बेत बदलला. पाणी छातीत उतरलं असेल तर खोल पाण्यात तिला वर येणं जमणार नाही, म्हणाले. नदीच्या घाटाशी नेऊन, कमरेएवढ्या पाण्यात, चौघांनी तिला चादरीवर तोलून धरायचं ठरलं. माझ्या गुडघ्यांकडे बघून त्यांनी मला वर बसायला सांगितलं. मी ऐकलं नाही.

पहिल्या तासात तिचे श्वास तुटक येत होते. मध्येच इतका खंड पडायचा की आम्ही चौघं एकमेकांकडे बघायचो. वृषाली माझ्यासमोर होती, ओठ घट्ट मिटून. दुसऱ्या तासात श्वास लांब झाले, सारख्या अंतराने येऊ लागले. मग तिनं शेपटी अशी झटकली की माझा तोल गेला.

"आता सोडा," डॉक्टर म्हणाले.

तिघांनी चादर खाली केली. माझे हात तेवढे तिच्या अंगाखालून उशिरा निघाले.